एक ऑक्सिजन अणू कोणी काढला? : डीऑक्सिकोलिक आम्ल आणि आतड्यातील एका जिवाणूचा इतिहास



सुरुवातीलाच एका शब्दाचा घोळ मिटवू. मराठीत ‘पित्त’ हा शब्द आपण फार सैल वापरतो. जागरण झाले, सकाळी आंबट ढेकर आले, की ‘पित्त झाले’ म्हणतो. ते बहुधा जठरातील आम्ल असते. आयुर्वेदातील पित्त हा एक दोष आहे, त्याची चौकट वेगळी. आणि कुणाचे पित्त खवळते, तेव्हा तर शरीरशास्त्राचा संबंधच उरत नाही. या पाठात पित्त म्हणजे फक्त एक गोष्ट : यकृतात तयार होणारा, पित्ताशयात साठणारा आणि जेवणानंतर लहान आतड्यात उतरणारा हिरवट-पिवळा कडू द्रव.

मी रसायन अभियांत्रिकीचा शिक्षक आहे. वैद्यकशास्त्र माझा विषय नाही. तरीही हा इतिहास सांगायचा मोह होतो, कारण दरवर्षी दुसऱ्या वर्षाच्या वर्गात एक चूक मी हमखास पाहतो आणि हीच चूक पित्ताच्या बाबतीत मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांकडून झाली होती. ती दुरुस्त व्हायला जवळपास सत्तर वर्षे लागली.

चूक अशी. मास बॅलन्सच्या गणितात एक अभिक्रियापात्र असते, पुढे एक विलगक असतो आणि विलगकातून काही भाग परत अभिक्रियापात्राच्या तोंडाशी येतो. यालाच आपण रीसायकल म्हणतो. विद्यार्थी अभिक्रियापात्राच्या तोंडाशी असलेल्या प्रवाहाचे घटक पाहतात आणि ‘हा कच्चा माल’ असे लिहून मोकळे होतात. पण त्या प्रवाहात ताज्या मालाबरोबर फिरून आलेला मालही मिसळलेला असतो. एखादा पदार्थ तिथे सापडला, म्हणून तो तिथूनच सुरू झाला असे होत नाही.

1. थोडी पूर्वतयारी

यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले बनवते. माणसात ती मुख्यतः दोन : कोलिक आम्ल आणि कीनोडीऑक्सिकोलिक आम्ल. यकृतातून बाहेर पडण्यापूर्वी त्यांना ग्लायसिन किंवा टॉरिन हे छोटे रेणू जोडले जातात. या रेणूंची एक बाजू पाण्याशी जमवून घेते, दुसरी चरबीशी. म्हणजे साबणाचेच काम. जेवणातील तेल-तुपाचे बारीक थेंब करून ते पाण्यात मिसळवायचे, म्हणजे पुढे पचन होते.

काम झाले की ही पित्ताम्ले वाया जात नाहीत. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात ती शोषली जातात, रक्तातून यकृतात परततात आणि पुन्हा पित्तात येतात. आता गणित करू. शरीरातील पित्ताम्लांचा एकूण साठा साधारण 3 ग्रॅम धरा. तो दिवसात 8 वेळा फिरतो असे धरा. म्हणजे दिवसाला 24 ग्रॅम पित्ताम्ले आतड्यात उतरतात. विष्ठेवाटे जातात सुमारे अर्धा ग्रॅम. म्हणजे प्रत्येक फेरीत साधारण 2 टक्केच गळती. तेवढीच भर यकृत रोज घालते. एखाद्या कारखान्याच्या व्यवस्थापकाला हेवा वाटावा अशी ही रीसायकल आहे.

ही 2 टक्क्यांची गळती जिथे होते ते मोठे आतडे. तिथे ऑक्सिजन जवळजवळ नाही आणि जिवाणूंची वस्ती मात्र अफाट आहे.

आता आपला मुख्य रेणू. कोलिक आम्लाच्या सांगाड्यावर तीन हायड्रॉक्सिल गट असतात : 3, 7 आणि 12 क्रमांकाच्या कार्बनवर. यातला 7 क्रमांकाचा गट गेला की उरते ते डीऑक्सिकोलिक आम्ल. दोन्ही रेणूंच्या सूत्रात फरक फक्त एका ऑक्सिजन अणूचा. ‘डीऑक्सि’ या नावाचा अर्थही तोच. प्रश्न एवढाच की हा एक अणू काढतो कोण?

2. कुजलेले पित्त

एकोणिसाव्या शतकात जर्मन रसायनशास्त्रज्ञांना पित्ताचे फार आकर्षण होते. कारण साधे : कत्तलखान्यात बैलाचे पित्त बादल्यांनी मिळे. टीडेमान आणि ग्मेलिन यांना 1827 मध्ये बैलाच्या पित्तातच टॉरिन सापडले. बैलाला लॅटिनमध्ये टॉरस म्हणतात, त्यावरून पुढे त्याचे नाव पडले. 1848 मध्ये श्ट्रेकर यांनी पित्तातील आम्ले वेगळी करून त्यांची मांडणी बरीच स्पष्ट केली.

डीऑक्सिकोलिक आम्ल पहिल्यांदा हाती लागले 1886 च्या सुमारास, म्युलियस या रसायनशास्त्रज्ञाला. आणि ते मिळाले कुजलेल्या बैल-पित्तात. ही गोष्ट लक्षात ठेवा. कुजणे म्हणजे जिवाणूंचे काम, हे तोवर पाश्चर यांच्या प्रयोगांमुळे माहीत झाले होते. तेव्हा कुजताना कोलिक आम्लातून एक ऑक्सिजन गेला असावा, असे कोणालाही वाटावे. उत्तर जणू पहिल्याच दिवशी टेबलावर पडले होते.

पण पुढे ताज्या पित्तातही तेच आम्ल सापडू लागले. जनावर नुकतेच कापलेले, पित्त अजून गरम, कुजण्याला वेळच मिळालेला नाही, तरी डीऑक्सिकोलिक आम्ल हजर. मग निष्कर्ष सरळ दिसला : हे यकृतच बनवत असणार. कुजण्याचा मुद्दा मागे पडला.

इथे आपल्या वर्गातील ती चूक आठवा. ताजे पित्त म्हणजे अभिक्रियापात्राच्या तोंडाशी असलेला प्रवाह. त्यात नवा माल किती आणि फिरून आलेला किती, हे नुसते पाहून कळत नाही. पण त्या काळात तशी शंका घ्यायला आधारही नव्हता. म्हणून त्यांना हसू नका.

याच काळातील आणखी एक नोंद आपल्याला जवळची वाटेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हान्स फिशर यांना गुरांच्या पित्तखड्यांतून आणखी एक पित्ताम्ल मिळाले. ग्रीकमध्ये दगडाला लिथोस म्हणतात, म्हणून त्याचे नाव लिथोकोलिक आम्ल. गुरांचा पित्तखडा म्हणजे आपल्याकडचे गोरोचन. हे आम्लही कीनोडीऑक्सिकोलिक आम्लातील 7 क्रमांकाचा हायड्रॉक्सिल गट गेल्यावरच तयार होते. म्हणजे दोन वेगळी आम्ले, पण गेलेला गट एकाच जागचा. धागा तोच होता, पण तो ओढायला अजून कोणी नव्हते.

3. नोबेल मिळाले, रचना चुकली

पुढची तीस वर्षे प्रश्न होता तो रेणूच्या आकाराचा. हाइनरिख वीलँड यांनी पित्ताम्लांवर आणि आडॉल्फ विंडाउस यांनी कोलेस्टेरॉलवर काम केले. दोघांचे रेणू एकाच घराण्यातील, हे त्यांनी दाखवून दिले. वीलँड यांना 1927 चे आणि विंडाउस यांना 1928 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

गंमत अशी की तेव्हा मांडलेली रचना चूक होती. 1932 मध्ये बर्नाल यांनी या वर्गातील स्फटिकांवर क्ष-किरण टाकले. त्यांना दिसले की रेणू लांबट आणि चपटा आहे. वीलँड-विंडाउस यांच्या रचनेत तो तसा बसेना. मग लंडनचे रोझेनहाइम आणि किंग यांनी चार वलयांचा नवा सांगाडा सुचवला आणि त्याच वर्षी तो दुरुस्त होऊन आज आपण शिकतो तो स्टेरॉइडचा सांगाडा मिळाला.

विज्ञानात चूक होणे ही लाजेची बाब नाही, हे सांगण्यासाठी हा प्रसंग मी वर्गात सांगतो. पण इथे मुद्दा वेगळा आहे. रचना अचूक कळली, तरी तो रेणू कोणी बनवला हे रचनेवरून कळत नाही. विटेचे माप घेऊन वीटभट्टीचा पत्ता सापडत नसतो.

4. कॉर्टिसोन : न ओळखलेला कामगार

1940 च्या दशकात डीऑक्सिकोलिक आम्लाला एकाएकी मोल आले. अधिवृक्क ग्रंथीतून मिळणारे कॉर्टिसोन हे संप्रेरक औषध म्हणून तपासायचे होते आणि ग्रंथींतून ते अत्यल्प मिळे. ते प्रयोगशाळेत बनवायचे तर सांगाडा हवा. मेयो क्लिनिकमधील एडवर्ड केंडॉल आणि मर्क कंपनीतील लुईस सॅरेट यांनी जी वाट धरली, तिची सुरुवात कत्तलखान्यातील बैल-पित्तातून मिळणाऱ्या डीऑक्सिकोलिक आम्लापासून होती. तीसहून अधिक पायऱ्यांचे ते संश्लेषण. त्यातील सर्वांत जिकिरीचे काम म्हणजे 12 क्रमांकाच्या कार्बनवरील ऑक्सिजन 11 क्रमांकावर न्यायचा.

1948 च्या सप्टेंबरमध्ये मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या एका रुग्णाला कॉर्टिसोन दिले. जी व्यक्ती हालचालीला महाग झाली होती, ती काही दिवसांत चालू लागली. 1950 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल हेंच, केंडॉल आणि राइखश्टाइन यांना मिळाले. कॉर्टिसोनचे दुष्परिणाम नंतर कळले, तो वेगळा पाठ.

आता विचार करा. कॉर्टिसोनमध्ये 7 क्रमांकावर ऑक्सिजन नसतो. कोलिक आम्लापासून सुरुवात केली असती, तर तिथला ऑक्सिजन आधी काढावा लागला असता. डीऑक्सिकोलिक आम्लात तो आधीच काढलेला होता. ही पहिली पायरी रसायनशास्त्रज्ञांना फुकटात मिळाली होती. ती कोणी केली होती, हे मात्र त्या वेळी कोणालाच नेमके ठाऊक नव्हते.

5. लुंडमध्ये साखळी तोडली जाते

उत्तर आले स्वीडनमधील लुंड विद्यापीठातून. दुसऱ्या महायुद्धानंतर किरणोत्सारी कार्बन संशोधकांना मिळू लागला होता. सूने बेर्गस्ट्रॉम यांच्या गटाने कोलिक आम्लात असा कार्बन बसवला. म्हणजे रेणूच्या कपाळावर टिळा लावला. तो कुठेही गेला, कसाही बदलला, तरी ओळखता येणार.

त्यांनी सशावर प्रयोग केले. सशाच्या पित्तात डीऑक्सिकोलिक आम्लच मुख्य असते. त्यामुळे ते सशाचे यकृत बनवते असे कोणालाही वाटावे. पण पित्त आतड्यात जाऊ न देता नळीने बाहेर काढत राहिले, तर काय झाले? डीऑक्सिकोलिक आम्ल कमी होत गेले आणि त्याची जागा कोलिक आम्लाने घेतली. रीसायकल बंद केली आणि ताजा माल उघडा पडला! यकृत बनवत होते ते कोलिक आम्ल. डीऑक्सिकोलिक आम्ल फिरून येत होते. 1957 मध्ये लिंडस्टेट आणि श्योवाल यांनी टिळा लावलेल्या कोलिक आम्लातूनच सशात डीऑक्सिकोलिक आम्ल तयार होते हे दाखवले.

दुसरा पुरावा याहून सुंदर आहे. लुंडमध्येच बेंग्ट गुस्ताफसन जंतुविरहित उंदीर वाढवत होते. पिल्ले शस्त्रक्रियेने जन्माला घालायची, निर्जंतुक पेटीत ठेवायची, निर्जंतुक अन्न-पाणी-हवा द्यायची. त्यांच्या आतड्यात एकही जिवाणू नाही. या उंदरांना टिळ्याचे कोलिक आम्ल दिले, तर ते 7 क्रमांकाच्या हायड्रॉक्सिलसह जसेच्या तसे बाहेर आले आणि शरीरातून जाण्याचा वेगही नेहमीच्या उंदरांपेक्षा कित्येक पटींनी मंद होता. त्याच उंदरांच्या आतड्यात जिवाणू वस्तीला आले की पित्ताम्ले बदलू लागली.

म्युलियस यांच्या कुजलेल्या पित्तानंतर सुमारे सत्तर वर्षांनी वर्तुळ पूर्ण झाले. यकृत बनवते ती ‘प्राथमिक’ पित्ताम्ले आणि जिवाणू त्यांतून घडवतात ती ‘दुय्यम’ पित्ताम्ले, ही आज पाठ्यपुस्तकात दोन ओळींत येणारी विभागणी इतक्या खटाटोपातून आली आहे.

1960 मध्ये याच परंपरेतील बेंग्ट सॅम्युएलसन यांनी अभिक्रियेची तऱ्हाही सुचवली : आधी पाण्याचा रेणू निघतो, दुहेरी बंध तयार होतो आणि मग तिथे हायड्रोजन भरला जातो. बेर्गस्ट्रॉम आणि सॅम्युएलसन यांना पुढे 1982 मध्ये जॉन व्हेन यांच्याबरोबर नोबेल मिळाले. पण ते प्रोस्टाग्लँडिनवरील कामासाठी.

6. जिवाणू सापडतो, तोही दोनदा

‘जिवाणू करतात’ एवढ्याने समाधान होत नाही. कोणता जिवाणू? आतड्यात शेकडो जाती. त्यांतील बहुतेकांना हवा लागली की त्या मरतात. ग्लायसिन किंवा टॉरिन तोडून टाकणे बऱ्याच जिवाणूंना जमते. 7 क्रमांकाचा ऑक्सिजन काढणे मात्र मोजक्यांनाच. 1966 मध्ये स्टॉकहोममधील गुस्ताफसन, मिडट्वेट आणि नॉर्मन यांनी विष्ठेतून असे जिवाणू वेगळे करून दाखवले.

पुढची कहाणी अमेरिकेतील दोन वेगळ्या वाटांची आहे.

पहिली वाट व्हर्जिनिया राज्यातील. तिथल्या ब्लॅक्सबर्ग गावात व्हर्जिनिया पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूट आहे. तंत्रशिक्षणाच्या या संस्थेत हवेशिवाय वाढणाऱ्या जिवाणूंची जगप्रसिद्ध प्रयोगशाळा होती. तिथल्या संग्रहातील व्हीपीआय 12708 हा जिवाणू रिचमंडच्या फिलिप हायलमन यांच्या हाती आला. हा जिवाणू पित्ताम्ल समोर आले की ते काम करणारी विकरे, म्हणजेच एन्झाइम, बनवू लागतो. हायलमन यांच्या गटाने 1980 च्या दशकात या विकरांची जनुके शोधायला घेतली आणि 1990 मध्ये त्या जनुकांचा एक सलग समूह प्रसिद्ध केला. ‘पित्ताम्लाने जागी होणारी’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे घेऊन त्याचे नाव पडले बीएआय. रोमन लिपीतील ती तीन अक्षरे फळ्यावर लिहिली की मराठी वर्गात कोणी तरी ‘बाई’ वाचतेच आणि हशा पिकतो. हसा, पण नाव लक्षात ठेवा.

याच कामातून सॅम्युएलसन यांच्या आराखड्यात भर पडली. 7 क्रमांकाचा हायड्रॉक्सिल थेट निघत नाही. आधी 3 क्रमांकाच्या जागेचे ऑक्सिडीकरण होते, मग शेजारी दुहेरी बंध तयार होतो, त्याने सांगाडा सैल झाल्यावर पाणी निघते आणि मग सगळे बदल उलट क्रमाने मिटवले जातात. जाम झालेला एक नट काढायला आजूबाजूचे चार नट आधी सैल करावेत आणि काम झाल्यावर पुन्हा आवळावेत, तसे हे आहे.

दुसरी वाट न्यूयॉर्कची. तिथे व्हिक्टर बोकेनहॉयझर आणि त्यांचे सहकारी आतड्यातील जिवाणू स्टेरॉइड संप्रेरकांचे काय करतात, हे पाहत होते. कॉर्टिसोलसारख्या रेणूची बाजूची शेपटी कापून टाकणारा एक जिवाणू त्यांना मिळाला. लॅटिनमध्ये कापणाऱ्याला ‘सिंडेन्स’ म्हणतात. म्हणून 1985 मध्ये त्याचे नाव ठेवले क्लॉस्ट्रिडियम सिंडेन्स. शेपटी कापल्यावर उरणारा रेणू पुरुषी संप्रेरकांच्या वर्गात मोडतो, हेही विशेष.

2000 मध्ये जपानमधील संशोधकांनी दोघांची तुलना केली. तेव्हा लक्षात आले की व्हर्जिनियाचा 12708 आणि न्यूयॉर्कचा सिंडेन्स एकाच जातीचे आहेत. एकच जिवाणू, दोन दारांनी विज्ञानात आला होता. एका दाराशी पित्ताम्ल, दुसऱ्या दाराशी कॉर्टिसोल. आणि 1940 च्या दशकात या दोन रेणूंना जोडायला माणसाला तीसहून अधिक पायऱ्या चढाव्या लागल्या होत्या!

2020 मध्ये मायकेल फिशबाख यांच्या गटाने हा सगळा मार्ग परीक्षानळीत उभा केला. आठ पायऱ्या, पण विकरे फक्त सहा. कारण काही विकरे जाताना आणि येताना दोन्ही वेळा काम करतात. त्यांनी ही जनुके दुसऱ्याच एका जिवाणूत घातली आणि तोही डीऑक्सिकोलिक आम्ल बनवू लागला. ‘कोणी काढला?’ या प्रश्नाला आता नावगाव-पत्त्यासह उत्तर मिळाले.

7. हे कळून काय बिघडले, काय सुधारले?

तुम्ही विचाराल, एक ऑक्सिजन अणू गेला काय आणि राहिला काय? पण त्या एका अणूने रेणूचा स्वभाव बदलतो. ऑक्सिजन कमी, म्हणून पाण्याची ओढ कमी आणि चरबीची जास्त. जिवाणूंच्या पटलांना डीऑक्सिकोलिक आम्ल कोलिक आम्लापेक्षा अधिक झोंबते. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगात तुम्ही मॅकॉन्की अगार वापरला असेल. त्यात पित्तक्षार घातलेले असतात, ते अनेक ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंना वाढू न देण्यासाठीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून वापरात असलेली ही युक्ती आतडे त्याआधीपासून वापरत आले आहे.

याचा सर्वांत गंभीर परिणाम दिसतो तो प्रतिजैविकांच्या बाबतीत. क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल नावाचा जिवाणू बीजाणूंच्या रूपात झोपून राहतो. टॉरिन जोडलेले कोलिक आम्ल मिळाले की त्याचे बीजाणू जागे होतात, हे 1980 च्या दशकात दिसून आले. उलट डीऑक्सिकोलिक आम्लात त्याची वाढ खुंटते. म्हणजे प्राथमिक पित्ताम्ल त्याला उठवते आणि दुय्यम पित्ताम्ल त्याला दाबते. आता रुग्णाला तीव्र प्रतिजैविके दिली आणि त्यात सिंडेन्ससारखे जिवाणू मेले, तर? उठवणारा रेणू भरपूर आणि दाबणारा नाहीसा. मोठ्या आतड्याला सूज, सतत जुलाब आणि कधी कधी मृत्यू. या आजारामागे हा जिवाणू आहे हे 1978 मध्ये स्पष्ट झाले होते. पण प्रतिजैविकाने तो का माजतो, याचे एक कारण असे पित्ताच्या रसायनात सापडले.

2015 मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रातील एरिक पेमर यांच्या गटाने हे थेट तपासले. प्रतिजैविके दिलेल्या उंदरांना सिंडेन्स परत दिला, तेव्हा दुय्यम पित्ताम्ले परतली आणि डिफिसिलविरुद्धचा प्रतिकारही बऱ्याच अंशी परतला. त्या उंदरांच्या आतड्यातील द्रवातून पित्ताम्ले शोषून काढली, तर डिफिसिलला रोखण्याची त्या द्रवाची ताकद गेली.

मात्र इथेच थांबून सिंडेन्सला देवळात बसवू नका. नंतरच्या संशोधनात दिसले की हे जिवाणू जिवाणूनाशक रेणूही सोडतात, आणि काही उंदरांत पित्ताम्लांशिवायही डिफिसिलविरुद्ध संरक्षण मिळते. अन्नासाठीची स्पर्धा हेही त्याचे एक कारण मानले जाते. म्हणजे पित्ताम्ल हे एक कारण आहे, एकमेव नाही. शिवाय डीऑक्सिकोलिक आम्ल जास्त झाले तर यजमानाच्या पेशींनाही इजा करते. 1930 च्या दशकातच रसायनशास्त्रज्ञांनी या आम्लापासून मिथिलकोलँथ्रीन हे कर्करोगकारक द्रव्य प्रयोगशाळेत बनवले होते. शरीरात ते तसे बनते असा याचा अर्थ नाही; पण मोठ्या आतड्याचा कर्करोग आणि दुय्यम पित्ताम्ले यांच्या संबंधाची शंका तेव्हापासून आहे आणि तिच्यावर अजून काम चालू आहे.

1999 मध्ये आणखी एक गोष्ट कळली. पित्ताम्ले हा नुसता साबण नाही. आपल्या पेशींत त्यांना ओळखणारा एफएक्सआर नावाचा ग्राही आहे. किती पित्ताम्ल बनवायचे, हे यकृत त्याच्या आधारे ठरवते. पुढे टीजीआर5 हा दुसरा ग्राही सापडला आणि त्याला दुय्यम पित्ताम्लेच अधिक जोराने जागे करतात. म्हणजे जिवाणूने घडवलेला रेणू आपल्याच पेशी संदेश म्हणून वाचतात.

8. सीमारेषा कुठे काढायची?

अभियांत्रिकीत गणित सोडवण्यापूर्वी आपण एक तुटक रेषा काढतो. तिच्या आत ती आपली प्रणाली, बाहेर ते परिसर. रेषा चुकली तर पुढची सगळी आकडेमोड बरोबर असूनही उत्तर चुकते. एकोणिसाव्या शतकाने शरीराभोवती काढलेल्या रेषेत जिवाणू नव्हते. ते कुजणे, घाण, रोग यांच्या बाजूला होते. म्हणून कुजलेल्या पित्तात मिळालेले उत्तर ताज्या पित्तात हरवले.

ही केवळ जुनी गोष्ट नाही. सर्दी झाली म्हणून स्वतःच दुकानातून प्रतिजैविकाची पट्टी घेणारे आपल्या आजूबाजूला कमी नाहीत; कदाचित तुम्हीही घेतली असेल. सर्दी बहुधा विषाणूंमुळे होते आणि त्यांच्यावर प्रतिजैविक चालत नाही. पण आतड्यातील ज्या मोजक्या जिवाणूंना हा एक ऑक्सिजन अणू काढता येतो, त्यांच्यावर ते चालू शकते. डॉक्टरांनी गरज पाहून दिलेले प्रतिजैविक जरूर घ्या, अर्धवट सोडू नका. ते जीव वाचवते. स्वतःच्या मनाने मात्र घेऊ नका. तुमच्या रीसायकलमधील एक कामगार त्यात जातो आणि त्याच्या जागी लगेच दुसरा मिळेल याची खात्री नसते.

थोडक्यात

यकृत प्राथमिक पित्ताम्ले बनवते. मोठ्या आतड्यातील मोजके जिवाणू त्यांतील 7 क्रमांकाचा हायड्रॉक्सिल काढून दुय्यम पित्ताम्ले बनवतात. ती फिरून यकृतात येतात, म्हणून ताज्या पित्तातही सापडतात आणि म्हणूनच त्यांचा उगम इतका काळ लपून राहिला. तो उघड झाला तो साखळी तोडणाऱ्या, टिळा लावणाऱ्या आणि जिवाणू वगळणाऱ्या प्रयोगांमुळे. क्लॉस्ट्रिडियम सिंडेन्स हा त्या जिवाणूंपैकी सर्वांत चांगला अभ्यासलेला.

स्वाध्याय

1. पित्ताम्लांचा साठा 2.5 ग्रॅम, दिवसात 6 फेऱ्या आणि रोजची गळती 0.4 ग्रॅम असेल, तर प्रत्येक फेरीत किती टक्के पित्ताम्ले परत येतात?

2. सशाचे पित्त बाहेर काढण्याचा प्रयोग आणि जंतुविरहित उंदरांचा प्रयोग यांपैकी एकच करता आला असता, तर कोणता निष्कर्ष अपुरा राहिला असता? कारण द्या.

3. वरील रीसायकलची आकृती काढा. यकृत, लहान आतडे, मोठे आतडे दाखवा. प्रणालीची तुटक रेषा आधी जिवाणू वगळून, मग त्यांना आत घेऊन काढा. दोन्ही वेळा डीऑक्सिकोलिक आम्लाचा मास बॅलन्स लिहा आणि कोणत्या वेळी तो जुळतो ते सांगा.

4. तुमच्या विषयातील असे एखादे उदाहरण शोधा, जिथे एखादी गोष्ट ‘जिथे सापडली तिथेच तयार झाली’ असे मानले गेले आणि ते पुढे चूक ठरले.